पहिल्या केमोच्या आधी विचारायचा प्रश्न

आमच्या वस्तीतील एक मुलगा अठराव्या वर्षी पायाच्या हाडाच्या कॅन्सरने आजारी पडला. आयटीआयचे पहिले वर्ष चालू होते. गुडघ्याच्या वर सूज आली तेव्हा खेळताना मार लागला असेल, या समजुतीत दोन महिने मलम चोळण्यात गेले. मग एक्स-रे, एमआरआय, बायोप्सी आणि निदान. विहारातील आम्ही चार-पाच जण त्या घराबरोबर उभे राहिलो. रेशनकार्डावरील नावाची चूक दुरुस्त करून आणली, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी येईपर्यंत रुग्णालयाच्या खिडकीवर पाळीपाळीने रांग लावली, रक्तदाते गोळा केले. जवळजवळ वर्षभर केमो चालली, मध्ये ऑपरेशन झाले. मुलगा वाचला, पायही वाचला. त्याला नोकरी लागली तेव्हा पेढे खाल्ले, लग्नात वाढप्याचे काम केले.

लग्नाला तीन वर्षे झाली तरी मूल होईना. आपल्याकडे जे होते तेच झाले, आधी सुनेच्या तपासण्या. सोनोग्राफी, रक्त, गर्भनळ्यांचा एक्स-रे. सगळे ठीक. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याचा वीर्यतपास सांगितला. रिपोर्टमध्ये एकही शुक्राणू नव्हता. "पूर्वी काही मोठा आजार झाला होता का?" असे विचारल्यावर जुनी फाईल बाहेर निघाली. बाई म्हणाल्या, "केमोच्या आधी नमुना गोठवून ठेवला होता का?"

तो मुलगा त्या संध्याकाळी आमच्याकडे आला. म्हणाला, "दादा, असं काही असतं का?"

असते. तेव्हाही होते. ज्या शहरात त्याचे उपचार झाले, त्याच शहरात होते. एका सकाळचे काम होते आणि खर्च त्या वर्षभराच्या रिक्षा-टॅक्सीच्या भाड्याहून कमी झाला असता. त्या दिवशी डॉक्टरांसमोर किती रुग्ण असतील कोण जाणे. त्यांचे सारे लक्ष जीव आणि पाय वाचवण्यावर होते आणि ते त्यांनी वाचवले. पण आम्हीही तिथेच बाकावर बसलो होतो. प्रत्येक कागदाची झेरॉक्स आमच्याकडे होती. हा एक प्रश्न आम्हाला सुचला नाही, कारण तो विचारायचा असतो हेच ठाऊक नव्हते. या महिन्याचे आरोग्याचे पान आम्ही त्या मुलाच्या सांगण्यावरून लिहीत आहोत. नाव छापू नका, बाकी सगळे लिहा, असे तो म्हणाला.

केमो मूल होण्याच्या आड का येते

केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारतात. कॅन्सरची पेशी तशी असते. पण केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आतल्या अस्तरात आणि रक्त तयार करणाऱ्या हाडांतील मज्जेतही तशाच पेशी असतात. म्हणून केमोत केस जातात, तोंड येते, रक्त कमी होते. पुरुषाच्या वृषणात, म्हणजे आपण बोलताना अंडगोळ्या म्हणतो त्यांत, वयात आल्यापासून रोज कोट्यवधी शुक्राणू तयार होत असतात. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. तिथल्या पेशीही केमोच्या माऱ्यात सापडतात. केस परत येतात, तोंड बरे होते. शुक्राणू तयार करणाऱ्या मूळ पेशी शिल्लक राहिल्या असतील तर शुक्राणूही काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी परत येतात. मूळ पेशीच मेल्या तर येत नाहीत.

स्त्रीचे वेगळे आहे. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या दोन अंडाशयांत मिळून दहा ते वीस लाख बीजे असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. नवीन बीज तयार होत नाही. कणगीत एकदाच भरलेले धान्य समजा. रोज थोडे खर्च होते, वरून भर पडत नाही. केमो या कणगीतून एकदम मोठा उपसा करते. स्त्री जितकी तरुण तितके धान्य जास्त शिल्लक, म्हणून विशी-पंचविशीतील मुलींची पाळी केमोनंतर बहुधा परत सुरू होते आणि चाळिशीच्या आसपासच्या स्त्रियांची अनेकदा कायमची बंद होते. पाळी परत आली म्हणजे सगळे पूर्ववत झाले, असा मात्र समज करून घेऊ नये. कणगी तळाला गेलेली असू शकते, आणि अशा स्त्रीची पाळी इतरांपेक्षा काही वर्षे लवकर जाते.

सगळी औषधे सारखी नसतात. सायक्लोफॉस्फामाइड, आयफॉस्फामाइड, मेल्फालन, बसल्फान ही औषधे या बाबतीत जास्त जड पडतात. काही औषधांचा त्रास फारच थोडा असतो. एकूण डोस किती झाला यावरही अवलंबून असते. अस्थिमज्जा बदलण्याआधी, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या आधी, जी जबर केमो किंवा सर्वांगाला रेडिएशन देतात, त्यात धोका सर्वांत जास्त. ओटीपोटावर शेक दिला, म्हणजे ज्याला आपल्याकडे "लाईट देणे" म्हणतात ते केले, तर अंडाशय आणि गर्भाशय दोन्हींना इजा होते. तेव्हा शेजारच्या बाईला केमोनंतर दोन मुले झाली म्हणून आपल्यालाही होतील, किंवा अमक्याला झाले नाही म्हणून आपल्यालाही होणार नाही, असा हिशेब मांडू नये. आपले औषध कोणते, डोस किती, वय काय, हे पाहून आपले डॉक्टरच सांगू शकतात. पण त्यासाठी त्यांना विचारावे लागते. ओपीडीच्या गर्दीत बोलायला जीभ वळत नसेल तर पुढील दोन वाक्ये कागदावर लिहून न्या आणि फाईलवर ठेवा:

"या उपचारानंतर मूल होण्याची शक्यता राहील का? कमी होणार असेल तर उपचार सुरू होण्याआधी काय करता येईल आणि त्यासाठी किती दिवस मिळतील?"

निदान झाल्यापासून पहिल्या केमोपर्यंत मधले जे दिवस असतात, त्यात आपण रिपोर्ट, स्कॅन आणि मंजुरी यांमागे धावत असतो. हेच दिवस कामाचे. पहिली केमो चढल्यानंतर घेतलेल्या नमुन्यातील शुक्राणूंना औषधाची इजा झालेली असू शकते, म्हणून नमुना आधीचाच हवा.

मुलांसाठी आणि पुरुषांसाठी

पुरुषाचे काम सोपे आहे, आणि आमच्या मते म्हणूनच ते न होणे जास्त लागते. शुक्राणू बँकेत किंवा वंध्यत्व-उपचार केंद्रात जायचे. आधी रक्ताची तपासणी होते, त्यात एचआयव्ही, कावीळ बी आणि सी पाहतात. मग हस्तमैथुन करून वीर्याचा नमुना एका स्वच्छ डबीत द्यायचा. शक्य असेल तर आधी दोन ते पाच दिवस वीर्यस्खलन झालेले नसावे. दिवस हातात असतील तर एक-दोन दिवसांच्या अंतराने दोन-तीन नमुने देतात. नमुना द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवतात. त्या थंडीत शुक्राणूंच्या आतील सर्व हालचाल थांबते आणि वर्षानुवर्षे ते जसेच्या तसे राहतात.

नमुना घरी घेऊन तासाभरात पोहोचवला तरी चालतो, असे काही ठिकाणी सांगतात. पण दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे आणि संडास सार्वजनिक, अशा घरात ते कसे जमणार? म्हणून सरळ केंद्रावरच जावे. तिथे त्यासाठी कडी लावता येणारी वेगळी खोली असते. तेल, साबण, थुंकी काही लावायचे नाही, त्याने शुक्राणू मरतात. भीतीने, अशक्तपणाने पहिल्या दिवशी जमले नाही तर लाजू नये, दुसऱ्या दिवशी जावे. तरीही जमलेच नाही तर डॉक्टर सुईने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने वृषणातून शुक्राणू काढू शकतात.

कधी कधी आजारामुळेच शुक्राणू आधीपासून कमी असतात आणि प्रयोगशाळेतील माणूस म्हणतो, नमुना काही खास नाही. तरी ठेवा. आता एका बीजात एकच शुक्राणू बारीक सुईने सोडण्याची पद्धत आहे. थोडे शुक्राणूही पुरतात.

खरी अडचण बोलण्याची आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाशी हे कोण बोलणार? आईसमोर तो मान वर करणार नाही. वडिलांना वाटते, पोरगा जगतो की मरतो याची पंचाईत आणि तुम्हाला ह्याच्या पुढच्या पोरांची पडली आहे. आमचा अनुभव असा की मामा, चुलतभाऊ किंवा विहारातील एखादा दादा, ज्याच्याशी तो क्रिकेटबद्दल बोलतो, त्याने बोलावे. डॉक्टरांनाही सांगावे की मुलाशी एकट्याशी बोला. आणि आधीच सांगून टाकावे की "उपचारानंतर तू बरा होणार आहेस, म्हणून हे करायचं आहे." मुलांना त्यातून धीर येतो, हे आम्ही पाहिले आहे. गेल्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरच्या एका मुलाला असेच घेऊन गेलो. येताना तो आम्हाला म्हणाला, "म्हणजे डॉक्टरांना वाटतंय मी जगणार."

रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये एक-दोन दिवसांतच औषध सुरू करावे लागते. अशा वेळी त्याच दिवशी, अगदी वॉर्डातूनही, नमुना देता येतो का ते विचारावे.

मुलींसाठी आणि स्त्रियांसाठी

इथे वेळ लागतो, पैसा लागतो, आणि खात्री कमी असते. तरी मार्ग आहेत.

सर्वांत रुळलेला मार्ग बीजे गोठवण्याचा. दहा ते चौदा दिवस रोज पोटाच्या कातडीत बारीक सुईने इंजेक्शने घ्यायची. दर महिन्याला एकच बीज पिकते, या इंजेक्शनांनी एकाच वेळी अनेक पिकतात. पूर्वी यासाठी पाळी येण्याची वाट पाहत. आता पाळीच्या कोणत्याही दिवशी सुरुवात करता येते, त्यामुळे दोन आठवड्यांत काम होते. मग थोडा वेळ गुंगी देऊन योनिमार्गातून सोनोग्राफीच्या मदतीने सुईने बीजे काढून घेतात. टाके नाहीत, बहुधा त्याच दिवशी घरी. लग्न झाले असेल आणि दोघांची इच्छा असेल तर नवऱ्याच्या शुक्राणूंशी संयोग करून गर्भ गोठवता येतो. अविवाहित मुलीच्या घरचे योनिमार्गातून तपासणी म्हटले की बिचकतात. सोनोग्राफी पोटावरूनही करता येते, हे आधीच बोलून घ्यावे. एवढ्या कारणाने मुलीचा दरवाजा बंद करू नये. गर्भ गोठवण्याबद्दल आमचे एक सांगणे आहे. गर्भ दोघांच्या मालकीचा असतो. पुढे नवरा-बायको वेगळे झाले तर तिला तो एकटीच्या मर्जीने वापरता येत नाही. बीजे तिची तिची राहतात. अर्धी बीजे, अर्धे गर्भ असेही करता येते.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये एक भीती नेहमी बोलली जाते, की या इंजेक्शनांनी अंगातील स्त्रीहार्मोन वाढून गाठ वाढेल. डॉक्टर त्याच वेळी लेट्रोझोल नावाची गोळी देतात, त्याने हे हार्मोन कमी राहते. अशा पद्धतीने बीजे काढलेल्या स्त्रियांवर नजर ठेवली गेली आहे आणि त्यांच्यात कॅन्सर परत येण्याचे प्रमाण वाढलेले आढळलेले नाही.

दोन आठवडे थांबायला वेळ नसेल, किंवा मुलगी अजून वयात आलेली नसेल, तर दुर्बिणीने ऑपरेशन करून अंडाशयाचा तुकडा काढतात व तो गोठवतात. उपचार संपून काही वर्षे गेली की तो परत शरीरात बसवतात. अशा बसवलेल्या तुकड्यातून गर्भ राहून पहिले मूल २००४ मध्ये बेल्जियममध्ये जन्मले. आपल्या देशात हे मोजक्याच मोठ्या केंद्रांत होते. रक्ताच्या कॅन्सरमध्ये मात्र त्या तुकड्याबरोबर कॅन्सरच्या पेशी परत येण्याचा धोका असतो, म्हणून तिथे तो बसवायला डॉक्टर सहसा तयार नसतात.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये केमोच्या निदान आठवडाभर आधीपासून महिन्याला एक असे इंजेक्शन देऊन अंडाशयांना झोपवून ठेवण्याचीही पद्धत आहे. सरकारी रुग्णालयांतही हे इंजेक्शन लिहून देतात. त्याने काही प्रमाणात बचाव होतो. बीजे गोठवण्याची जागा ते घेऊ शकत नाही, पण ज्यांना दुसरे काहीच परवडत नाही त्यांनी निदान याबद्दल तरी विचारावे.

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आपल्या वस्त्यांतील बायकांना फार होतो. तो अगदी सुरुवातीला सापडला तर नुसता मुखाचा भाग काढून गर्भाशय वाचवता येते, आणि पुढे मूलही होऊ शकते. उशीर झाला तर शेक द्यावाच लागतो. शेकाच्या आधी अंडाशये ऑपरेशनने वर सरकवून शेकाच्या पट्ट्याबाहेर ठेवता येतात. त्याने हार्मोन टिकतात, पाळी जाण्याचा त्रास कोवळ्या वयात होत नाही. पण शेकलेल्या गर्भाशयात मूल वाढणे फार अवघड असते. अंगावरून पांढरे किंवा मध्येच लाल जाते म्हणून वर्ष वर्ष गप्प बसणाऱ्या आमच्या बहिणींनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

हे गोठवण्याचे शास्त्र परदेशातून आलेले नवे खूळ आहे, असे एका सभेत आम्हाला ऐकवण्यात आले. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात जन्मलेली भारतातील पहिली टेस्ट ट्यूब मुलगी गोठवून ठेवलेल्या गर्भातूनच जन्मली होती. ते काम डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचे. त्यांच्यावर सरकारी समितीने विश्वास ठेवला नाही, त्यांचा अपमान झाला आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी असे मूल जन्मले. नंतर आनंद कुमार यांनी स्वतः मुखोपाध्यायांची कागदपत्रे वाचली आणि पहिलेपणाचा मान त्यांचा आहे, हे जाहीरपणे सांगितले. परळच्या ज्या रस्त्यांवर आपण टाटा रुग्णालयाची फाईल घेऊन फिरतो, तिथलाच हा इतिहास आहे.

लहान मुले

आईबाप हमखास विचारतात म्हणून लिहितो. लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कॅन्सर, ज्याला डॉक्टर एएलएल म्हणतात, त्याच्या नेहमीच्या उपचारांनी बहुतेक मुलामुलींची पुढे मूल होण्याची क्षमता टिकते. मज्जा बदलावी लागली किंवा सर्वांगाला शेक द्यावा लागला तर गोष्ट वेगळी. वयात न आलेल्या मुलग्यांसाठी वृषणाचा तुकडा गोठवण्याचे काम अजून संशोधनाच्या पातळीवर आहे. मूल मोठे झाल्यावर त्याला त्याचा आजार आणि औषधे यांची माहिती असावी म्हणून उपचारांची फाईल, विशेषतः केमोच्या औषधांच्या नोंदीचे कागद, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवा. आमच्या त्या मुलाची फाईल पावसाळ्यात पत्र्यातून गळून भिजली होती. निम्मी पाने एकमेकांना चिकटली होती.

पैसा आणि कागद

शुक्राणू गोठवणे काही हजार रुपयांत होते, आणि पुढे दरवर्षी ठेवण्याचे भाडे असते. बीजे गोठवण्याचा खर्च इंजेक्शनांसह लाखाच्या घरात किंवा त्याच्याही वर जातो. फुले योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन, केमो, शेक बसते. मूल होण्यासंबंधीचे उपचार तिच्यात बसत नाहीत. म्हणून हा खर्च वेगळा उभा करावा लागतो, आणि तोही दोन-चार दिवसांत. कॅन्सर रुग्णालयातील समाजसेवकाला, ज्यांना एमएसडब्ल्यू म्हणतात, पहिल्याच दिवशी भेटा आणि या खर्चासाठी मदत हवी असे स्पष्ट शब्दांत सांगा. नुसते "मदत हवी" म्हटले तर ते केमोचे पैसे समजतात. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. अशा रुग्णालयात हे केंद्र असेल तर तिथल्या समाजसेवकालाही उत्पन्नाचा दाखला घेऊन भेटावे. कॅन्सरचा रुग्ण आहे म्हटल्यावर काही केंद्रे दर कमी करतात. मागायला लाजू नये.

२०२१ च्या कायद्यानुसार अशी केंद्रे आणि बँका नोंदणीकृत असाव्या लागतात. नोंदणी क्रमांक पाहूनच पैसे भरा. २१ वर्षांवरील अविवाहित स्त्रीलाही या केंद्रांची सेवा घेता येते. स्त्रीसाठी वरची मर्यादा ५० वर्षांची, पुरुषासाठी ५५ ची. गर्भ दहा वर्षांपर्यंतच ठेवता येतो. आपला नमुना किती काळ राहील, भाडे किती, भाडे थकले तर काय, आणि रुग्णाचे निधन झाले तर नमुन्याचे काय करायचे, हे सही करण्याआधी वाचून घ्या, नाहीतर कोणाकडून तरी वाचून घ्या. शेवटचा प्रश्न वाचताना हात थरथरतो. तरी उत्तर रुग्णानेच लिहावे.

आणखी एक. आपली वस्ती कधी एसआरएत जाते, कधी रस्त्यात. घर बदलते, मोबाईलचे सिमही बदलते, आणि बँकेची पत्रे जुन्या पत्त्यावर पडून राहतात. पत्ता बदलला की आधार कार्डाच्या आधी बँकेला कळवा.

घरातले बोलणे

कॅन्सर झालेल्या अविवाहित मुलीचे उपचारच लांबवायचे, "केमोने मूल होणार नाही, मग लग्न कोण करील," असे म्हणणारी घरे आम्ही पाहिली आहेत. हे चूक आहे. डॉक्टर जेवढे दिवस देतील तेवढ्यातच हे काम बसवायचे, आणि त्यांनी थांबता येणार नाही म्हटले तर थांबायचे नाही. मुलगी राहिली तर पुढचे सगळे आहे.

निर्णय कोणाचा, हाही वाद होतो. सासू म्हणते हवे, नवरा म्हणतो परवडत नाही, आणि जिला गाठ आहे तिला कोणी विचारत नाही. १९३८ साली मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या पक्षाच्या वतीने रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला होता. मूल केव्हा आणि किती, हा बाईच्या जिवाशी जोडलेला प्रश्न आहे, हे त्या काळात सभागृहात बोलले गेले. मूल हवे की नको, गोठवायचे की नाही, हे तिने ठरवावे. दोन मुले आहेत, आता नको, असे ती म्हणाली तर विषय तिथे संपला. आणि मूल नसलेल्या बाईला हळदी-बारशाला मागे बसवण्याची रीत ज्या घरात अजून आहे, त्या घराने आपल्या भिंतीवरील तसबिरीकडे एकदा पाहावे.

उपचार चालू असताना गर्भ राहू देऊ नये. केमोत पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो, म्हणून निरोध वापरावा. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत, तांबी चालते. उपचार संपल्यावर मुलाचा विचार कधी करायचा, हे डॉक्टर आजार पाहून सांगतात; बहुधा दोनेक वर्षे थांबायला सांगतात. टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या चालू असताना गर्भ राहणे धोक्याचे आहे, पण मनाने त्या बंद करू नयेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, दीड ते अडीच वर्षे अशी औषधे घेतल्यावर मुलासाठी ती दोन वर्षांपर्यंत थांबवलेल्या स्त्रियांत त्या काळापुरते तरी कॅन्सर परत येण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. केमो घेतलेल्या आईबापांची मुले व्यंग घेऊन जन्मतात, हाही गैरसमज आहे. काही थोडे कॅन्सर घराण्यात चालत येतात, त्यासाठी वेगळी तपासणी असते.

ज्यांचे उपचार होऊन गेले आहेत, त्यांनीही हातपाय गाळू नयेत. पुरुषांनी वर्ष-दोन वर्षांनी वीर्यतपास करावा, आणि शून्य आले तरी काही काळाने पुन्हा करावा. स्त्रियांसाठी एएमएच नावाची रक्ततपासणी आहे, तिच्यावरून कणगीत किती शिल्लक आहे याचा अंदाज येतो. वीर्यात शुक्राणू नसले तरी काही पुरुषांच्या वृषणात सूक्ष्मदर्शकाखाली शोधल्यावर ते सापडतात. सगळ्यांचे सापडत नाहीत. दात्याचे शुक्राणू किंवा बीज घेता येते, आणि दत्तक घेण्याचा मार्ग आहे. आमच्या त्या मुलाने आणि त्याच्या पत्नीने शस्त्रक्रियेचा एक प्रयत्न करायचे ठरवले आहे. नाही जमले तर दत्तकासाठी नाव नोंदवणार आहेत. अर्ज तिने आधीच आणून ठेवला आहे.

आपल्या घरात किंवा चाळीत कोणाचे निदान नुकतेच झाले असेल आणि वय पंचेचाळिशीच्या आत असेल, तर रविवारच्या वंदनेनंतर फाईल घेऊन विहारात या. रविवार लांब असेल तर थांबू नका, त्याच रात्री या. बाई असेल तर महिला मंडळाच्या ताई बोलतील, मुलगा असेल तर आम्ही बोलू. सोबत उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट आणा. पहिल्या केमोची तारीख फाईलच्या वरच मोठ्या अक्षरांत लिहून आणा.